गोदावरीचा गाळ, जिवाणू आणि पारा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कुंभमेळा जवळ येऊ लागला की नाशिकमध्ये गोदावरीच्या पाण्याबद्दल बोलणं वाढतं. वास, फेस, पाणवेली डोळ्यांना दिसतात, म्हणून चर्चा त्यांच्यावर होते. पारा दिसत नाही. त्याच्याबद्दल विचारणारेही बहुतेक वेळा एकच विचारतात, पाण्यात तो किती आहे? माझ्या मते त्याच्या बरोबरीने दुसरा प्रश्न विचारायला हवा : तो कोणत्या रूपात आहे आणि ते रूप कोण ठरवतं? नदीत हे काम मोठ्या प्रमाणावर जिवाणू करतात. ते कसं, हे या पानावर सांगितलं आहे. ही यंत्रणा जगभरच्या नद्या-तळ्यांत तपासली गेली आहे. नाशिकची ठिकाणं घेतली आहेत ती आपल्याला ती डोळ्यांसमोर आणता यावी म्हणून. गोदावरीत अमुक इतका पारा आहे, असा दावा इथे कुठेही नाही.

पारा तो पाराच. त्याची 'रूपं' म्हणजे काय?

नदीपुरती तीन रूपं लक्षात ठेवली तरी पुरे. पहिलं धातुरूप, म्हणजे थर्मामीटरमधला चकचकीत द्रव. त्याची वाफ होत राहते आणि ती श्वासातून गेली तर घातक. गिळलेला द्रव मात्र आतड्यातून जवळजवळ तसाच बाहेर पडतो. दुसरं रूप क्षारांचं, दोन धन प्रभार असलेल्या पाऱ्याचं. पाण्यात हा पारा मोकळा फिरत नाही. क्लोराइडला, गंधकाला किंवा कुजलेल्या पालापाचोळ्यातल्या सेंद्रिय आम्लांना तो चिकटून असतो. शरीरात गेला तर मुख्यतः मूत्रपिंडांना इजा करतो.

तिसरं रूप मिथाइल मर्क्युरी. यात पाऱ्याच्या अणूला एक कार्बन आणि तीन हायड्रोजन असलेला मिथाइल गट जोडलेला असतो. एवढ्याशा बदलाने सगळं पालटतं. अन्नातून पोटात गेलेल्या मिथाइल मर्क्युरीपैकी सुमारे ९५ टक्के रक्तात उतरतो. रक्तात तो सिस्टीन या अमिनो आम्लाला चिकटतो, आणि ही जोडी शरीराला आपल्याच एका अमिनो आम्लासारखी वाटते. त्यामुळे मेंदूची दारं तिच्यासाठी उघडतात आणि गर्भवतीच्या वारेतून ती बाळापर्यंतही पोहोचते. शरीरातला निम्मा मिथाइल मर्क्युरी बाहेर पडायला साधारण ५० ते ७० दिवस लागतात.

मग जिवाणू पारा तयार करतात की नष्ट करतात?

दोन्ही नाही. पारा मूलद्रव्य आहे. जिवाणू त्याचे जोडीदार बदलतात किंवा त्याला इलेक्ट्रॉन देतात, बस. कचरा कुजतो तसा पारा कधीच 'कुजून' संपत नाही.

मिथाइल मर्क्युरी बनवणारे जिवाणू कोणते आणि ते राहतात कुठे?

जिथे प्राणवायू संपतो तिथे. आपण अन्नातली ऊर्जा मिळवायला प्राणवायू वापरतो, हे जिवाणू त्याऐवजी सल्फेट, म्हणजे गंधक असलेला एक क्षार, वापरतात आणि हायड्रोजन सल्फाइड बाहेर टाकतात. नाल्याच्या तोंडाशी काळ्या गाळात काठी खुपसली की कुजक्या अंड्यांचा वास येतो, तो याच वायूचा. गाळाचा काळा रंगही बराचसा लोह आणि सल्फाइड यांच्या संयोगाचा. डिसल्फोव्हिब्रिओ हा यातला सर्वांत जास्त अभ्यासलेला गट. शिवाय लोहाच्या आधाराने जगणारे जिओबॅक्टर आहेत. मिथेन बनवणारे काही सूक्ष्मजीवही हे काम करतात, पण ते काटेकोरपणे जिवाणू नव्हेत, आर्किया नावाच्या वेगळ्या शाखेतले आहेत.

वास्तव्य म्हणाल तर गाळाचे वरचे काही सेंटिमीटर, पाण्यावर तरंगणाऱ्या वनस्पतींची मुळं आणि दगडांवरचा निसरडा शेवाळी थर. वाहत्या, प्राणवायूने भरलेल्या पाण्यातल्या दगडावरही त्या थराच्या आत प्राणवायूविरहित सूक्ष्म कप्पे असतात, हे विसरलं जातं.

वासावरून एवढंच कळतं की सल्फेटवाले जिवाणू कामाला लागलेत. त्यातला प्रत्येक जण पारा बदलतोच असं नाही. त्यासाठी एचजीसी-ए आणि एचजीसी-बी ही दोन जनुकं एकत्र लागतात.

हे कळलं कधी?

१९६९ मध्ये यॅन्सेन आणि येर्नेलॉव्ह या संशोधकांनी स्वीडनमध्ये दाखवलं की तळाच्या गाळातले सूक्ष्मजीव अजैविक पाऱ्यापासून मिथाइल मर्क्युरी बनवतात. १९८५ मध्ये कॉम्पो आणि बार्था यांनी गाळात मॉलिब्डेट घालून सल्फेटवाल्या जिवाणूंना रोखलं, तर मिथाइल मर्क्युरी बनणंही जवळपास थांबलं. मुख्य आरोपी सापडला. जनुकं सापडायला मात्र २०१३ उजाडलं. अमेरिकेतल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या नेतृत्वाखालच्या गटाने ती शोधली. त्या गावाला या विषयाची कळकळ असणं साहजिक आहे : १९५० च्या दशकात तिथल्या अण्वस्त्र कारखान्यातून प्रचंड पारा शेजारच्या ईस्ट फोर्क पॉप्लर क्रीक या छोट्या नदीत गेला आणि त्याची निस्तरणी आजही चालू आहे.

मिनामाताची दुर्घटनाही जिवाणूंमुळेच झाली ना?

नाही, आणि हा गैरसमज फार पसरलेला आहे. जपानमधल्या मिनामाता इथे चिस्सो कंपनीच्या ॲसिटाल्डिहाइड बनवण्याच्या प्रक्रियेतच मिथाइल मर्क्युरी तयार होत होता आणि तो थेट उपसागरात सोडला जात होता. रोगाची अधिकृत नोंद १९५६ ची. मिनामाता जगाला शिकवून गेलं ते मिथाइल मर्क्युरी माणसाचं काय करतो हे. स्वीडनच्या संशोधनाने पुढचं, जास्त अस्वस्थ करणारं सांगितलं : कारखान्याने साधा पारा सोडला, तरी उरलेलं काम नदी स्वतः करू शकते.

पाऱ्याला निरुपद्रवी करणारे जिवाणूही असतात, असं ऐकलं आहे.

असतात, आणि त्यांची यंत्रणा पाहिली की थक्क व्हायला होतं. त्यांच्याकडे 'मेर' नावाचा जनुकांचा संच असतो. त्यातलं एक जनुक पहारेकरी आहे, पारा जाणवला तरच ते बाकीची जनुकं चालू करतं. काही प्रथिनं पाऱ्याला पेशीत ओढून आणतात. विषारी पदार्थ मुद्दाम आत घ्यायचा, कारण त्याच्यावर काम करणारं यंत्र आत आहे. मेर-बी हे विकर (एन्झाइम) कार्बन आणि पारा यांच्यातला बंध तोडतं, म्हणजे मिथाइल मर्क्युरीचं मिथाइल निघून जातं. मग मेर-ए उरलेल्या पाऱ्याला दोन इलेक्ट्रॉन देतं, त्याचा धातुरूप पारा होतो आणि तो वाफ होऊन पेशीतून, पाण्यातून हवेत निघून जातो. स्यूडोमोनास, बॅसिलस अशा कितीतरी गटांत ही सोय सापडते.

मिथाइल मर्क्युरी तोडण्याचा दुसरा मार्ग प्राणवायू नसलेल्या गाळातही चालतो, आणि उथळ, स्वच्छ पाण्यात सूर्यप्रकाशही ते काम करतो. म्हणजे एकाच नदीत बनवणं आणि मोडणं एकाच वेळी चालू असतं. माशांच्या वाट्याला येते ती या दोहोंतली शिल्लक.

मग असे जिवाणू गोदावरीत सोडले तर?

कारखान्याच्या टाकीत हे जमतं. जर्मनीत क्लोर-अल्कली, म्हणजे मिठापासून क्लोरीन आणि कॉस्टिक सोडा बनवणाऱ्या, कारखान्याच्या सांडपाण्यासाठी असं संयंत्र वापरून पाहिलं गेलं, जिवाणूंनी धातुरूपात आणलेला पारा टाकीतच अडकवून ठेवला. नदीत जमणार नाही. एकतर मेर संच चालू व्हायला पाऱ्याचं ठरावीक प्रमाण लागतं, साधारण नदीत ते इतकं कमी असतं की पहारेकरी जागाच होत नाही. दुसरं, वाफ झालेला पारा हवेत जातो आणि पावसातून कुठेतरी परत उतरतो. आणि तिसरी गोष्ट मला सर्वांत गंभीर वाटते : मेर जनुकं अनेकदा इकडून तिकडे उडी मारणाऱ्या डीएनएच्या तुकड्यांवर असतात, आणि त्याच तुकड्यांवर प्रतिजैविकांना दाद न देणारी जनुकंही बसलेली असतात. टीएन-२१ हे त्याचं प्रसिद्ध उदाहरण. पाऱ्याच्या दबावाखाली जे जिवाणू टिकतात, त्यांच्याबरोबर ती जनुकंही टिकतात. रुग्णालयांचं सांडपाणी वाहून नेणाऱ्या शहरी नदीत हे आपल्याला परवडणारं नाही.

घरगुती सांडपाण्यात पारा कितीसा असणार? त्याचा इथे काय संबंध?

माझ्या मते या पानावरचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे.

मिथाइल मर्क्युरी बनायला चार गोष्टी जुळून याव्या लागतात : जिवाणूंना घेता येईल असा थोडा पारा, प्राणवायूचा अभाव, खाद्य आणि सल्फेट. यातला पारा जगात कुठल्याही नदीत थोडाफार असतोच. बाकीच्या तिन्ही गोष्टी सांडपाणी आयती आणून देतं. त्यातली सेंद्रिय घाण हे खाद्य. ते कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो. साबण-डिटर्जंट आणि मलमूत्रातून सल्फेट येतं. म्हणजे नासर्डी किंवा वाघाडी या शहरातल्या छोट्या नद्यांतून प्रक्रिया न झालेलं पाणी गोदापात्रात उतरलं, की त्याच्याबरोबर पाऱ्याचा थेंबही आला नसला तरी पाऱ्याचं रूप बदलण्याची सगळी तयारी होते. 'आमच्या भागात पाऱ्याचा कारखाना नाही' हे उत्तर म्हणून पुरेसं नाही.

यात पाणी साचण्याची भर पडते. गंगापूर धरणातून आवर्तन सुटलं की पात्र भरतं, बंद झालं की डबकी उरतात. एप्रिल-मेच्या उन्हात पाणी तापतं, कोमट पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि जिवाणूंचा वेग वाढतो. काठ उघडा पडून सुकला की गाळातल्या सल्फाइडचं पुन्हा सल्फेट होतं. पुढच्या आवर्तनात तोच काठ भिजला की जिवाणूंना ताजा पुरवठा मिळतो. पातळी सतत वरखाली होणाऱ्या जलाशयांत मिथाइल मर्क्युरी वाढतो, त्याचं हे एक कारण.

एक बारकावा सांगायलाच हवा. सल्फेट जितकं जास्त तितका मिथाइल मर्क्युरी जास्त, असं सरळ गणित नाही. सल्फाइड फार साठलं तर ते पाऱ्याला असं धरून ठेवतं की जिवाणूंना तो घेता येत नाही. सर्वांत जास्त धोका मधल्या पट्ट्यात असतो.

द्राक्षबागांमधल्या गंधकाचा याच्याशी संबंध आहे का?

असू शकतो, आणि नाशिककरांनी याकडे लक्ष द्यावं असं मला मनापासून वाटतं. भुरी या बुरशीच्या रोगासाठी मारलेलं गंधक मातीत हळूहळू सल्फेट बनतं आणि पावसाबरोबर ओढ्यात उतरतं. बोर्डो मिश्रणातल्या मोरचुदातही सल्फेट असतंच. कॅलिफोर्नियातल्या नापा खोऱ्यात द्राक्षबागांतून असं सल्फेट ओढ्यांत उतरताना मोजलं गेलं आहे. फ्लोरिडाच्या एव्हरग्लेड्स या विस्तीर्ण दलदलीत तर शेतीतून आलेलं सल्फेट आणि माशांतला पारा यांचा संबंध अनेक वर्षं अभ्यासला जातो आहे. याचा अर्थ बागायतदाराने गंधक सोडावं असा नाही. निफाड-दिंडोरीचे ओढे शेवटी जिथे पोहोचतात तिथल्या पाण्यात सल्फेट मोजत राहायला हवं, एवढंच म्हणणं आहे.

आणि पाणवेली?

पाणवेलींची मुळं पाण्यातून धातू शोषतात, म्हणून त्या पाणी 'शुद्ध' करतात असं सांगितलं जातं. ते अर्धंच खरं. ब्राझीलमध्ये तरंगत्या वनस्पतींच्या मुळांचा अभ्यास झाला, तेव्हा त्या मुळांवरच्या जिवाणूंच्या थरात मिथाइल मर्क्युरी तळाच्या गाळापेक्षाही वेगाने बनताना दिसला. शिवाय दाट गालिचा खालच्या पाण्याला ऊन आणि हवा मिळू देत नाही आणि मेल्यावर कुजून गाळाला खाद्य पुरवतो. पाणवेली काढून काठावरच कुजत ठेवण्यात अर्थ नाही, त्या पात्राबाहेर न्यायला हव्यात.

नाशिकच्या परिसरात पारा येऊ शकतो कुठून?

थोडा जगभरातून. धातुरूप पाऱ्याची वाफ हवेत काही महिने ते वर्षभर फिरते आणि कुठेही पावसाबरोबर खाली येते. दगडी कोळशात पारा सूक्ष्म प्रमाणात असतो, त्यामुळे एकलहऱ्यासारख्या कोणत्याही औष्णिक केंद्राचा विचार यात करावाच लागतो. केंद्र सरकारच्या डिसेंबर २०१५ च्या नियमांत कोळशावरच्या अनेक केंद्रांच्या (जुन्या केंद्रांत फक्त ५०० मेगावॅट आणि त्याहून मोठ्या संचांच्या) धुरातल्या पाऱ्याला दर घनमीटरला ०.०३ मिलिग्रॅमची मर्यादा घातली आहे. बाकी फुटलेल्या ट्यूबलाइट आणि सीएफएल, जुनी रक्तदाबमापक यंत्रं, दातांत भरायचं पाऱ्याचं मिश्रण. उसाची बेणेप्रक्रिया ज्यांनी केली आहे त्या जुन्या शेतकऱ्यांना पारायुक्त बुरशीनाशकं आठवत असतील, त्यातल्या मिथॉक्सी इथाइल मर्क्युरी क्लोराइडवर भारतात २०१८ मध्ये बंदी आली.

पाण्याच्या अहवालात पारा 'आढळला नाही' असं लिहिलं आहे. मग काळजी कशाला?

पिण्याच्या पाण्यापुरती नको. भारतीय मानकानुसार (आयएस १०५००) पिण्याच्या पाण्यात लिटरला ०.००१ मिलिग्रॅम पारा चालतो, म्हणजे १००० नॅनोग्रॅम. नेहमीच्या तपासण्या साधारण याच मर्यादेच्या आसपास पाहतात. पण स्वच्छ नदीत एकूण पारा लिटरला काही नॅनोग्रॅमच असतो, आणि मिथाइल मर्क्युरी त्याचाही छोटा हिस्सा. नदीतला पारा पन्नासपट वाढला तरी अहवाल 'आढळला नाही' असंच म्हणू शकतो.

आणि माशांना तेवढं पुरतं. पाण्यातून सूक्ष्म शैवालात जाताना मिथाइल मर्क्युरीची तीव्रता दहा हजार ते लाख पटींनी वाढते, सर्वांत मोठी उडी हीच. पुढे किडे, छोटे मासे, मोठे मासे अशी ती चढत जाते आणि शिकारी माशात पाण्याच्या दहा लाख पटींवर पोहोचू शकते. पाण्यात पाऱ्याचा लहानसा भाग मिथाइल रूपात असतो, मोठ्या माशाच्या मांसात ९० टक्क्यांहून अधिक. म्हणून नदीची खरी नोंद बाटलीभर पाण्यापेक्षा माशात सापडते.

मग नदीचे, धरणाचे मासे खाऊ नयेत का?

खावेत. मासे हे उत्तम अन्न आहे आणि गंगापूर, दारणा, नांदूरमध्यमेश्वरच्या काठावर अनेक भोई-कोळी कुटुंबांचं पोट त्यांच्यावर चालतं. पाऱ्याच्या भीतीने त्यांच्या मालावर बहिष्कार घालणं अन्यायाचं होईल. फरक प्रकाराचा आणि आकाराचा आहे. रोहू, मृगळ, चिलापी शैवाल आणि कुजकं खातात, त्यामुळे त्यांच्यात सहसा कमी पारा. मरळ, शिवडा हे शिकारी, जितका मोठा आणि म्हातारा तितका पारा जास्त. समुद्राच्या माशांतही बांगडा-तारली बिनधास्त, मुशी आणि फार मोठी सुरमई क्वचित. गर्भवती, स्तनपान करणाऱ्या आया आणि लहान मुलांनी हे नेमाने पाळावं. जागतिक पातळीवरच्या तज्ज्ञ समितीने सुचवलेली मर्यादा आठवड्याला शरीराच्या दर किलो वजनामागे १.६ मायक्रोग्रॅम मिथाइल मर्क्युरी अशी आहे. धुऊन, तळून किंवा कातडी काढून तो जात नाही, तो मांसातल्या प्रथिनांना चिकटलेला असतो.

रामकुंडात स्नान केल्याने पारा अंगात जातो का?

इतक्या सूक्ष्म प्रमाणातला पारा स्नानामुळे कातडीतून जाण्याची भीती बाळगू नका. स्नानाच्या वेळी जपायचं ते सांडपाण्यातल्या रोगजंतूंपासून. पाणी तोंडात घेऊ नका, तान्ह्या बाळांच्या बाबतीत तर मुळीच नाही.

पारद शिवलिंग नदीत विसर्जित केलं तर चालतं का?

कृपया करू नका. त्यातला धातुरूप पारा तळाशी बसून वर्षानुवर्षं थोडा थोडा क्षाररूपात जात राहतो, आणि मग तो जिवाणूंच्या आवाक्यात येतो.

याच्याच जोडीने कज्जलीबद्दल विचारलं जातं. पारा आणि गंधक खलात घोटून होणारी काळी कज्जली रसायनाच्या भाषेत पाऱ्याचं सल्फाइड आहे, आणि काळ्या गाळातही पारा बराचसा याच रूपात अडकतो. तो पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. पण प्रयोगांत असं दिसलं की सल्फाइडचे ताजे, नॅनो आकाराचे कण जिवाणू सहज वापरतात आणि जुने, मोठे स्फटिक फारसे नाही. नव्याने आलेला पारा जास्त धोक्याचा, तो यामुळेही.

पावसाळ्यात पूर सगळं धुऊन नेतो ना?

इथून नेतो. नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या छातीला पाणी लागतं त्या दिवशी रामकुंडाजवळचा गाळ हलतो हे खरं. बारीक मातीच्या कणांना चिकटलेला पाराही त्याच्याबरोबर जातो आणि पाणी संथ होतं तिथे बसतो. आपल्यासाठी ती जागा म्हणजे गोदावरी-कादवा संगमावरचा नांदूरमध्यमेश्वरचा बंधारा. हे पाणथळ २०२० मध्ये राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाचं पाणथळ, झालं. उथळ पाणी, गाळ, वनस्पती आणि मासे खाणारे पक्षी : मिथाइल मर्क्युरीला हवं ते सगळं एका ठिकाणी. पाणकावळे-बगळे त्यातला बराच भाग नव्या पिसांत ढकलतात, म्हणून गळलेली पिसं तपासूनही पाणथळाची तब्येत कळू शकते, पक्ष्याला हात न लावता.

गाळ काढून शेतात टाकला तर?

वरच्या, वस्ती नसलेल्या पाणलोटातला धरणाचा गाळ शेताला चांगला. शहराच्या आणि औद्योगिक नाल्यांच्या खालचा गाळ मात्र आधी तपासून घ्यावा, आणि उन्हाळ्यात पात्र कोरडं असताना काढावा. वाहत्या पाण्यात यंत्र घातलं की खालचा काळा थर ढवळून पाण्यात मिसळतो. शेतात पसरून सुकलेल्या गाळाला हवा लागली की मिथाइल मर्क्युरी बनणं बहुतांशी थांबतं. एकूण पारा तिथेच राहतो.

आवक थांबवली तर नदी सुधारते का, की उशीर झाला?

सुधारते, आणि याचा पुरावा भक्कम आहे. कॅनडातल्या ऑन्टारिओमध्ये शास्त्रज्ञांनी एका तळ्यात २००१ ते २००७ अशी सात वर्षं ओळखता येणारी पाऱ्याची समस्थानिकं (वेगळ्या वजनाचे पाऱ्याचे अणू) मुद्दाम सोडली आणि मग थांबवली. त्या नव्या पाऱ्यापासून बनलेला मिथाइल मर्क्युरी छोट्या माशांत झपाट्याने आणि मोठ्या माशांत काही वर्षांत खूपच घटला. पारा तळाच्या गाळात होताच, पण जुना झालेला पारा जिवाणूंच्या हाती तितकासा लागत नाही.

घरात थर्मामीटर किंवा सीएफएल फुटला तर?

खिडक्या उघडा, मुलांना बाहेर न्या. झाडू किंवा व्हॅक्यूम क्लीनर वापरू नका. जाड कागदाने थेंब गोळा करा, बारीक कण चिकटपट्टीने उचला, सगळं घट्ट झाकणाच्या बरणीत भरून ई-कचऱ्यात द्या. मोरीत ओतू नका.

नागरिकांनी महापालिका आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नेमकं काय मागायचं?

पाण्याबरोबर गाळ आणि मासे यांची तपासणी, मरळीसारख्या शिकारी माशाचा त्यात समावेश. नॅनोग्रॅमपर्यंत मोजणारी पद्धत, आणि एकूण पाऱ्याबरोबर मिथाइल मर्क्युरीचा वेगळा आकडा. त्याच ठिकाणचा विरघळलेला प्राणवायू आणि सल्फेट, तेही मे महिन्यात आणि पुरानंतर असं दोनदा. ठिकाणं : गंगापूर धरणाचं पाणी, नासर्डी आणि वाघाडीचे संगम, तपोवनाखालचं पात्र, दारणा मिळते त्याखालची जागा आणि नांदूरमध्यमेश्वर. माहिती अधिकारात अर्ज करताना 'पारा तपासला का' असं विचारू नका, उत्तर 'हो' येईल. कोणत्या पद्धतीने तपासला आणि त्या पद्धतीला कमीत कमी किती नॅनोग्रॅम मोजता येतात, हे विचारा.